गौरीनंतरचे बिंदू

१

अर्पिताचे आकडे रचलेले आहेत, असं बाहेरून आलेल्या परीक्षकांनी भर सभागृहात सांगितलं, तेव्हा तिच्या मागच्या भिंतीवर तिचाच आलेख अजून उजळलेला होता. तो बंद करायचंही तिला सुचलं नाही.

परीक्षकांचं म्हणणं साधं होतं. अर्पितानं शेळ्यांच्या करडांवर प्रयोग केला होता. काही करडांना नेहमीचा चारा, काहींना नवा खुराक, आणि दर पंधरवड्याला सगळ्यांची वजनं, जन्मल्यापासून वर्षाची होईपर्यंत. गौरी-गणपतीत ती तापानं आजारी पडून घरी गेली, तेव्हा एक वजन घ्यायचं राहून गेलं. आणि नेमकी तिथून पुढं नव्या खुराकावरच्या करडांची वजनं एकदम वर सरकलेली दिसत होती. परत आल्यावर बाई गोठ्यात गेल्याच नाहीत, आकडे बसल्या जागी लिहिले, असा अर्थ परीक्षकांनी काढला. पदवी थांबली. खुलासा द्यायला थोडी मुदत मिळाली, एवढंच.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती कळंबच्या बसस्थानकावर उतरली ती स्वतःच्या घरी न जाता शरणबसप्पा सरांकडं गेली.

सर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचे. निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती. बायको गेल्यापासून घरात ते एकटेच. बाहेरच्या खोलीत पंखा, एक कॉट आणि खिडकीपाशी तेच उतरतं टेबल, ज्यावर अर्पितानं बीएस्सीला असताना लंबकाचे आलेख काढले होते. त्या काळी सरांच्या प्रयोगशाळेत पेन्सिल ब्लेडनं तासून आणावी लागायची. टोक जाड दिसलं तर सर काही न बोलता पेन्सिल परत द्यायचे. आलेखाचा कागद फिकट केशरी रेघांचा, आणि त्याला एक कोरडा गोडसर वास असायचा. खोलीत पाऊल टाकताच तिला तोच वास आला, आणि सभागृहात न आलेलं रडू इथं आलं.

सरांनी तिला रडू दिलं. माठातलं पाणी दिलं. मग लॅपटॉप उघडायला सांगितला.

पडद्यावरची रेघ सुरेख होती. जवळजवळ प्रत्येक बिंदूला स्पर्श करत, कुठं हलकेच वर, कुठं खाली होत, शेवटी दिमाखात वर निघालेली. ही रेघ अर्पिताचे मार्गदर्शक डॉक्टर कृष्णराज यांनी बसवली होती. सहाव्या घातापर्यंतची बहुपदी. नवा खुराक खाल्लेली करडं वर्षाची झाली तरी वाढतच राहतात, असं ती रेघ सांगत होती. त्या जोरावर अहवाल वर गेला होता, आणि पावसाळ्याच्या तोंडावर आसपासच्या गावांतल्या शेळीपालकांना जुना चारा सोडून हाच खुराक धरायला सांगायचं ठरलं होतं.

सर बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी विचारलं, ही रेघ अशीच पुढं नेली तर येत्या दिवाळीला करडू किती भरतं? अर्पितानं रेघ पुढं ओढली. आकडा आला तसा तिनं पडदा सरांकडं वळवला.

"म्हशीएवढं," सर म्हणाले. "आता शेवटचे चार बिंदू झाक. बाकीच्यांवर हीच बहुपदी बसव."

तिनं बसवली. या वेळी रेघ शेवटी वळून खाली कोसळली. करडं वर्षाची व्हायच्या आत त्यांची वजनं शून्याच्या खाली गेली. झाकलेले चार बिंदू मात्र वरच, आपल्या जागी शांत होते.

"सगळ्या बिंदूंजवळून जाती म्हणून ही रेघ तुम्हाला खरी वाटली," सर म्हणाले. "तिच्यात सात आकडे हायत. त्यातला एक तरी आकडा शेळीबद्दल काही सांगतो का?"

अर्पितानं मान हलवली.

सरांनी चष्मा काढून पुसला. "तुझे आकडे खोटे न्हायत, अर्पिता. पण त्यात कुणीतरी हात घातलाय. आणि ह्या देखण्या रेघेनं तो झाकून टाकलाय."

२

संध्याकाळी सरांनी टेबलाच्या खणातून केशरी कागद काढला. अर्पिता लॅपटॉपवर करत होती तेच ते हातानं करत होते; त्यांना हातानं केल्याशिवाय दिसत नसे.

त्यांनी वेगळी रेघ निवडली. करडू आधी हळू, मग झपाट्यानं वाढतं, पुढं वाढ मंदावते आणि एका वजनाशी येऊन थांबते. ताणलेल्या एस अक्षरासारखी ती रेघ. तिच्यात तीनच आकडे, आणि तिन्हींना अर्थ: जनावर शेवटी केवढं होणार, किती वेगानं होणार, आणि सर्वांत जास्त वाढीचा काळ कोणता. सर म्हणाले, आपण जनावराबद्दल जे जाणतो तेवढंच रेघेनं बोलावं; त्याहून जास्त बोलायला लागली की ती आपल्याला खूश करायला बोलते.

मग त्यांनी गौरीच्या आधीचेच बिंदू घेतले. त्यांच्यावर रेघ बसवली. कुठला बिंदू किंचित वर, कुठला किंचित खाली. तो विस्कळीतपणा सरांना आवडला. पावसानं भिजलेले केस, पाणी पिऊन फुगलेलं पोट, काट्यावर पाय झाडणारं करडू, हे सगळं त्या वर-खालीत होतं. बसून आकडे लिहिणाऱ्या माणसाला असा विस्कळीतपणा सहसा साधत नाही.

रेघ पुढं नेली. आणि गौरीनंतरचे बिंदू त्यांनी एकेक करून मांडले.

पहिला रेघेच्या वर. दुसरा वर. तिसरा वर. शेवटपर्यंत एकही खाली आला नाही.

जुन्या चाऱ्यावरच्या करडांचे बिंदू मांडून बघितले. ते मात्र आधीसारखेच, काही वर, काही खाली.

अर्पिताला आठवलं, अशा वेळी प्रयोगशाळेत सर खिडकीजवळ जाऊन उभे राहायचे आणि सगळा वर्ग गप्प व्हायचा. आताही ते उठून खिडकीपाशी गेले. बाहेर बाजार समितीकडून येणाऱ्या गाड्यांची धूळ खाली बसत होती.

"तू तापात असताना," ते म्हणाले, "त्या गोठ्यात कायतरी घडलंय. उद्या माकणीला जाऊ."

३

संशोधन केंद्र माकणीच्या धरणाजवळच्या माळावर होतं. एका संस्थेनं चालवलेलं, फार मोठं नाही. लातूरला गाडी बदलून दोघं पोचले तेव्हा उन्हं चढली होती आणि शेळ्या लिंबाच्या सावलीला दाटीवाटीनं बसल्या होत्या. काळ्याभोर शेळ्या, काहींच्या कानांवर पांढरे ठिपके.

डॉक्टर कृष्णराज पन्नाशीचे, बोलायला मऊ गृहस्थ. अर्पिताकडं बघणं ते टाळत होते. सरांनी त्यांना दोष दिला नाही. ती रेघ का आवडली, एवढंच विचारलं. कृष्णराजांनी सांगितलं, की त्यांच्या लहानपणी वडील बाजारात शेळ्या घेऊन बसायचे आणि बाहेरगावचे व्यापारी हसायचे, तुमच्या भागातली जनावरं चिमणी म्हणून. इथल्या शेळीनं एकदा तरी मान वर करावी असं त्यांना फार वाटायचं. रेघ वर गेली, आणि त्यांनी पुढं काही विचारलं नाही.

गणपतीच्या सुमारास वेगळं काय झालं, याचा विचार करताना त्यांना एक गोष्ट आठवली. वजनकाटा बिघडला होता. तो दुरुस्त करून आणला तो त्याच दिवसांत.

अर्पिताचा चेहरा उजळला. सरांनी मात्र मान हलवली. काटा जास्त दाखवत असता तर जुन्या चाऱ्यावरची करडंही वर गेली असती. ती तर गेली नव्हती.

मग युवराज आला. लोहाऱ्याला त्याची खुराकाची गिरणी होती. प्रयोगाचा नवा खुराक, सुबाभळीचा पाला आणि तुरीचं भुसकट घालून केलेला, तोच पुरवायचा. तरणा, घाईत असलेला माणूस. सर त्याच्याशी खुराकाबद्दल न बोलता त्याच्या वडिलांबद्दल बोलत बसले, कारण वडील सरांच्या पहिल्या तुकडीतले विद्यार्थी निघाले. युवराजला वडिलांची आठवण सांगताना गहिवरून आलं, आणि सरांसमोर खोटं बोलणं त्याला जमेना. मान खाली घालून त्यानं कबूल केलं, की अर्पिताताई नव्हत्या त्या दिवसांत आणि पुढंही, खुराक पोचवायला आलो की चार ओंजळी जास्तीच्या टाकत होतो. आपला माल उजवा ठरावा म्हणून.

कृष्णराज खुर्चीतून उठले. अर्पिताला वाटलं, संपलं, माणूस सापडला.

परत निघताना सरांनी गोठ्यात काम करणाऱ्या धुळाप्पाशी दोन शब्द बोलून घेतले. तिशीचा, सास्तूरचा, अंगानं शिडशिडीत. केंद्रातल्या शेळ्यांना कानातल्या बिल्ल्याच्या नंबरानं सगळे ओळखायचे, धुळाप्पा नावानं हाक मारायचा. त्या दिवसांत काही विशेष घडलं नाही, पाऊस होता, एवढंच त्यानं सांगितलं. बोलताना तो सगळा वेळ शेळ्यांकडं बघत होता.

बसमध्ये अर्पितानं विचारलं, आता खुलासा लिहायचा ना, युवराजनं जास्तीचा खुराक टाकला म्हणून?

"त्यानं टाकला तो नव्या खुराकावरच्या सगळ्यांच्या गव्हाणीत टाकला," सर म्हणाले. "मग सगळी करडं वाढली पायजेत. वाढली का?"

अहवालात सगळीकडं सरासरीच होती. एकेक करडू वेगळं करून कुणीच बघितलं नव्हतं.

४

घरी पोचताच तिनं नव्या खुराकावरच्या प्रत्येक करडाचा आलेख वेगळा काढला. सर शेजारी बसले होते. प्रत्येकावर ती तीन आकड्यांची रेघ बसवत गेली. एक बसली. दुसरी बसली. गौरीच्या आधी आणि नंतर, दोन्हीकडं बिंदू रेघेभोवतीच होते. म्हणजे युवराजच्या ओंजळींनी कुणाचं काही वाढलं नव्हतं.

सतरा नंबरच्या बिल्ल्यापाशी ती थांबली.

या करडावर रेघ बसेचना. गौरीच्या आधीचे बिंदू एक वळण मागत होते, नंतरचे दुसरं. आधीच्या बिंदूंवरून हा लहान चणीचा बोकड होणार होता. नंतरच्या बिंदूंवरून थोराड. मध्ये पायरी होती. एका पंधरवड्यात, आणि तेही भर पावसाळ्यात, कुठलंच करडू एवढी उडी मारत नाही. आणि उडी मारल्यावर पुढची वाढ पुन्हा साधीच, सरळ, फक्त वरच्या मजल्यावरून. जणू ते करडू वयानं थोडं मोठंच होतं.

बहुपदीनं ही पायरी दिसू दिली नव्हती. आधी सरासरीत ती बारीक झाली, आणि उरलेली त्या सात आकड्यांनी वळणं घेऊन गिळून टाकली.

"सर," अर्पिता सावकाश म्हणाली, "हे एक जनावर नाही."

सरांनी मान डोलावली. त्यांच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता. अर्पिता वर्षभर त्या करडांमध्ये वावरली होती, पण काळ्या करडांत काळं करडू. तिनं बिल्ला वाचला आणि आकडा घेतला. बिल्ला तोच होता. बोकड बदलला होता.

केंद्रातल्याच दुसऱ्या करडाशी अदलाबदल झाली असेल, अशी शंका तिनं काढली. तसं असतं तर कुठलंतरी दुसरं करडू त्याच पंधरवड्यात अचानक हलकं झालं असतं. तिनं सगळे आलेख बघितले. कुणीच हलकं झालं नव्हतं. म्हणजे हा बोकड बाहेरून आला, आणि खरा सतरा नंबर बाहेर गेला.

सर कॉटवर टेकले. कोण हे करेल, याचा त्यांनी मोठ्यानं विचार केला. चोर असता तर त्यानं थोराड बोकड नेऊन किरकोळ ठेवला असता. इथं उलटं झालं होतं. कृष्णराजांना किंवा युवराजला निकाल फुगवायचा असता, तर त्यांनी एकच करडू कशाला बदललं असतं? या माणसाला निकालाशी देणंघेणंच नव्हतं. त्याला ते एक लहान चणीचं करडू पाहिजे होतं, आणि त्यासाठी तो आपला चांगला बोकड सोडून गेला होता.

"ह्या करडाची आई कुठून आणली होती?" सरांनी विचारलं.

अर्पिताला सांगण्यासाठी काहीच उघडून बघावं लागलं नाही. प्रयोगासाठी गाभण शेळ्या गोळा करायला ती स्वतः जीपमधून फिरली होती. त्या शेळीची मालकीण एक म्हातारी होती. शेळी गाडीत चढवल्यावरही तिनं दाव्याचं टोक सोडलं नव्हतं. गाडी हलली तेव्हा ते तिच्या हातातून ओढलं गेलं. पुढं ती शेळी व्यायल्यावर थोड्याच दिवसांत दगावली. मागं उरलं ते एकच करडू.

"गाव सास्तूर," ती म्हणाली. आणि आपण काय बोललो ते तिच्या लक्षात आलं.

५

सास्तूरला जाण्याआधी सर कॉलेजात गेले. प्रयोगशाळेत आता संगणक आले होते. जुनी टेबलं भिंतीकडं सरकवलेली, लंबकाचे गोळे खोक्यात पडलेले. सरांनी एक गोळा उचलून हातात धरला, त्याचं वजन ओळखीचं लागलं, आणि त्यांनी तो परत ठेवला. कपाटातून हुकचा नियम दाखवायला ठेवलेला मोठा ताणकाटा त्यांनी मागून घेतला. आताच्या प्राध्यापकांनी, तेही त्यांचेच विद्यार्थी, काही न विचारता दिला.

मग त्यांनी अर्पिताला एक काम सांगितलं. खऱ्या सतरा नंबरच्या गौरीच्या आधीच्या बिंदूंवरून, आणि बाकीच्या करडांच्या वळणाचा आधार घेऊन, तो आज केवढा असेल ते काढायचं. जाण्याआधी. बघून आल्यावर नाही.

"एकच आकडा सांगू नको. पट्टा सांग. आपल्याला किती ठाऊक न्हाय तेपण त्यात दिसलं पायजे."

तिनं हिशेब केला. तेवीस ते पंचवीस किलो. बदली आलेला बोकड प्रयोगाच्या शेवटी, होळीनंतर, बाकीच्या करडांसोबत कापला गेला तेव्हाच तीस किलोला टेकला होता.

बस सास्तूरजवळ आली तसे सर खिडकीबाहेर बघू लागले. त्र्याण्णव सालच्या भूकंपानंतर दुसऱ्या दिवशी ते विद्यार्थी घेऊन कळंबहून ट्रकनं इथं आले होते. गणपती बुडवून झोपलेलं गाव सकाळी उरलं नव्हतं. त्याच्या आदल्या वर्षी एका विद्यार्थ्याच्या लग्नाला ते याच गावात जेवले होते. दगडी भिंतींच्या अरुंद बोळांतून वाजतगाजत वरात निघाली होती, आणि वरून कुणीतरी त्यांच्या अंगावर चुरमुरे टाकले होते. ते बोळ शोधायला त्यांनी ट्रकमधून उतरून इकडंतिकडं बघितलं होतं. आता रुंद सरळ रस्ते, एकसारखी घरं, दारांत मोटारसायकली. चांगलं गाव होतं. फक्त सरांना त्यात काही ओळखू येत नव्हतं.

शेळीच्या मालकिणीचं, म्हाळसाबाईंचं घर गावाच्या कडेला होतं. म्हातारी दारातल्या लिंबाखाली बसली होती, आणि लिंबाला एक काळा बोकड बांधलेला होता. अर्पितानं तिला ओळखलं, तिनं अर्पिताला. म्हाळसाबाईंचा हात दाव्याकडं गेला.

बोकडाच्या उजव्या कानाला बुजत आलेलं भोक होतं.

सरांनी म्हाळसाबाईंना हात जोडले. हा बोकड न्यायला आलो नाही, फक्त तोलायचा आहे, असं सांगितलं. ह्या पोरीवर खोटेपणाचा आळ आहे, आणि तो निघायचा तर ह्याचं वजन कळायला पाहिजे. म्हाळसाबाईंनी अर्पिताच्या तोंडाकडं बराच वेळ बघितलं. मग स्वतः उठून गोणपाट आणलं.

गोणपाटाची झोळी करून बोकड लिंबाच्या फांदीला ताणकाट्यावर टांगला. तो ओरडला, पाय झाडले, मग म्हाळसाबाईंनी मानेखाली हात धरताच गप्प झाला. काटा थरथरत स्थिर झाला.

चोवीस आणि थोडं वर.

अर्पितानं घडी केलेला केशरी कागद उघडला. बिंदू मांडला. तो पट्ट्याच्या मधोमध पडला. सरांनी बोकडाला आधी खाली उतरवून घेतलं.

तेवढ्यात मोटारसायकल येऊन थांबली. शेजारच्यानं फोन केला असावा. धुळाप्पा उतरला, झोळी बघितली, काटा बघितला, आणि आपल्या आत्याजवळ जाऊन उभा राहिला.

"बोकड म्या आणला, सर," तो म्हणाला. "ताईंचं ह्यात काईच न्हाय."

६

भूकंप झाला तेव्हा धुळाप्पा अंगावर पिणारा होता. आई-बाप दोघं भिंतीखाली गेले. बापाची बहीण म्हाळसाबाई, तिची एक शेळी आणि हे पोर एवढेच त्या घरातून वाचले. पत्र्याच्या शेडमध्ये राहायचे दिवस होते. डबाबंद दुधाचं वाटप व्हायचं, पण पोराला ते पचेना. शेळीचं पचलं. चंद्री तिचं नाव. तिच्या लेकी, नाती, पणत्या म्हाळसाबाईंनी इतकी वर्षं राखल्या. गुडघे गेल्यावर माळ फिरणं जमेना, तेव्हा धुळाप्पानंच आत्याला समजावलं, की शेवटची गाभण शेळी केंद्राला देऊ, तिथं दवाखाना आहे, चारा आहे, मी आहे.

प्रयोग संपल्यावर करडं कापून मांस तोलणार, हे त्याला ठाऊक नव्हतं. गणपतीच्या दिवसांत दोन साहेब गोठ्याशी उभं राहून बोलत होते, तेव्हा कळलं. शेळी तर आधीच गेली होती. आत्याला काय सांगायचं, हे त्याला सुचेना. अर्पिताताई नव्हत्या. मेंढरांमागं फिरणाऱ्या चुलतभावाकडून त्यानं रंगानं जुळणारा बोकड आणला. वयाचा जुळणारा मिळाला नाही.

"एक करडू बदललं तर कोनाचं काय बिघडतंय, असं वाटलं," तो म्हणाला. "ताईंची पदवी अडकंल हे ध्यानातच आलं न्हाय."

अर्पिता त्याच्यावर चिडायची वाट बघत होती, पण राग आला नाही. तिनं विचारलं, मला तेव्हाच का सांगितलं नाहीस? धुळाप्पा म्हणाला, तुम्ही करडांना नंबरानं हाका मारत होता.

सरांनी त्याला काय करायचं ते सांगितलं नाही. एवढंच म्हणाले, की खुलासा अर्पिता लिहील आणि त्यात बोकड बदलला हे येणार. कुणी बदलला, ते लिहायचं का, हे त्यानं ठरवावं. धुळाप्पानं आत्याकडं बघितलं. म्हाळसाबाई म्हणाल्या, "लिव्ह म्हनावं."

चौकशी समितीपुढं तो स्वतः उभा राहिला. युवराजही आला आणि आपल्या ओंजळींचं सांगून गेला. अर्पितानं सतरा नंबरचे गौरीनंतरचे बिंदू बाजूला काढले, पण पुसले नाहीत. वेगळ्या खुणेनं आलेखावर ठेवून खाली कारण लिहिलं. उरलेल्यांवर तीन आकड्यांची रेघ बसवली. नव्या खुराकानं करडं सुरुवातीला जरा लवकर वाढत होती. शेवटी मात्र तेवढीच होत होती. सास्तूरचा बोकड अर्ध्यात खुराक सोडूनही आपल्या वळणावर पोचला होता, याचा उल्लेख करावा का, असं तिनं विचारलं, तेव्हा सर म्हणाले, कर, पण तो एकच बिंदू आहे हेही लिही.

परीक्षकांनी आपले शब्द लेखी मागं घेतले. पदवीची वाट मोकळी झाली. कृष्णराजांनी अहवाल परत मागवला आणि शेळीपालकांना सांगायचं ते थांबवलं. हे त्यांना जड गेलं, पण त्यांनी ते स्वतः फोन करून केलं. धुळाप्पाला केंद्रानं कामावरून काढलं. त्याबद्दल अर्पितानं शब्द टाकून बघितला, उपयोग झाला नाही.

राहता राहिला बोकड. कागदोपत्री तो केंद्राचा होता, आणि तो ताब्यात घ्यायला हवा असं बैठकीत कुणीतरी म्हणाल्याचं सास्तूरपर्यंत पोचलं.

खुलासा मान्य झाला त्या दिवशी सर आणि अर्पिता केंद्रावर होते. सकाळची उन्हं अजून कोवळी होती. फाटकातून म्हाळसाबाई आत आल्या. सास्तूरहून माकणीपर्यंत त्या बोकडाला दाव्यानं धरून चालत आल्या होत्या. गुडघ्यांना फडकी बांधलेली. कृष्णराज बाहेर आले, तेव्हा त्यांनी दाव्याचं टोक त्यांच्यापुढं धरलं.

"तुमचा हाय म्हनं," त्या म्हणाल्या. "घ्या. माझ्या पोराला चोर म्हनू नका."

कृष्णराज त्या टोकाकडं बघत राहिले. मग त्यांनी हात मागं बांधले.

"आमचा सतरा नंबर होळीनंतर कापला, बाई," ते म्हणाले. "त्याचं मांस तोललं, बिल्ला जमा झाला. आमच्याकडं कमी काईच न्हाय. हा कोनाचा बोकड मला ठाऊक न्हाय. घरी न्या."

ते लगेच वळून आत गेले. म्हाळसाबाईंना ते पुरतं समजायला थोडा वेळ लागला. मग त्यांनी दावं हाताला गुंडाळून घेतलं.

त्यांना परत चालत जाऊ देणं सरांना पटेना. पण एसटीत बोकड घेईनात, आणि टेम्पोची वाट बघायला त्या तयार नव्हत्या. अर्पिता केंद्रावर सह्या घ्यायला थांबली. सर म्हणाले, फाट्यापर्यंत मी येतो सोबत.

रस्त्याच्या दोन्ही कडेला पेरणीसाठी नांगरून ठेवलेली काळी रानं होती. बोकड मध्ये, दोघं दोन बाजूंना. सरांनी त्यांना ती वरात सांगितली, अरुंद बोळ, वरून पडलेले चुरमुरे. म्हाळसाबाई थांबल्या. कुणाचं लग्न, ते विचारलं. सरांनी नाव सांगितलं. ते घर त्यांना माहीत होतं. त्याच्या उजवीकडं सोनाराचं, त्याला लागून वेशीकडं उतरणारा चिंचेचा बोळ, बोळाच्या तोंडाशी आड, आडापलीकडं त्यांचं स्वतःचं. त्या एकेक घर सांगत गेल्या, कुणाच्या दारात काय होतं, कुणाच्या भिंतीला कसली वेल होती, आणि सर मध्येमध्ये विचारत गेले.

फाटा आला तेव्हा जुनं गाव निम्मंच सांगून झालं होतं. सर थांबले नाहीत.